गाडीतली देवळी : मेणबत्तीला पक्की जागा करतानाच्या नोंदी

१२ जून २०२४, कोल्हापूर

गाडी म्हणजे जुनी टेंपो ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून आत दोन बिछाने, ओटा आणि खाली कप्पे केलेत. राहणाऱ्या दोघी, मी आणि आई. आईचं वय ७१. वर्षातले सहा-सात महिने आम्ही गाडीत असतो. माझं हिशेबाचं काम लॅपटॉपवर होतं.

छतावर सोलर आहे, आत १५० अँपिअर-तासाची बॅटरी. उन्हाळ्यात वीज उरते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा फ्रिज, लॅपटॉप आणि दिवे यांतलं काहीतरी बंद ठेवावं लागतं. म्हणून यंदा संध्याकाळी मेणबत्तीवर भागवायचं ठरवलंय. दुसरं कारण आईचं. दिवेलागणीला घरात ज्योत हवी, आणि सध्या घर म्हणजे ही गाडी.

आज आणलं : मेणबत्त्यांची दोन पाकिटं आणि अॅल्युमिनियमच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्त्यांचा एक डबा. वाटलं, एवढं पुरे.

२९ जून, गगनबावडा

पाचवा दिवस, सूर्य नाही. सकाळी बॅटरी ११.८ व्होल्टवर आली, म्हणून फ्रिज बंद केला.

संध्याकाळी ओट्यावर स्टीलची ताटली ठेवली, तिच्यात मेणाचे चार थेंब पाडून मेणबत्ती चिकटवली. दोन तास जळली. विझवल्यावर वर हात गेला तर कपाटाच्या तळाचा सनमायका गरम होता आणि वाटीएवढा फुगला होता. आतला गोंद उष्णतेनं सैल झाला. ज्योतीच्या टोकापासून कपाट जेमतेम १५ सेंटिमीटर वर. बाजूला अंतर भरपूर होतं म्हणून मी निश्चिंत राहिले. ज्योतीची उष्णता सरळ वर जाते, बाजूला हात धरून अंदाज घेण्यात अर्थ नसतो.

नुकसान : सनमायकाचा तुकडा आणि मजुरी ४०० रुपये.

६ जुलै, गगनबावडा

बिछाने ओलसर, टॉवेल वाळत नाहीत. मेणबत्त्यांनी थोडी ऊब येईल, हवाही सुकेल असं वाटून काल तीन एकदम लावल्या, चार तास. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्या पूर्ण बंद. रात्री दोघींचंही डोकं जड झालं. सकाळी काचांवरून पाणी ओघळत होतं आणि आईच्या उशाकडचा पत्रा निथळत होता.

आज स्वयंपाकाच्या काट्यावर एक मेणबत्ती आधी आणि नंतर तोलली. चार तासांत २४ ग्रॅम मेण गेलं, म्हणजे तासाला ६. एक ग्रॅम मेण जळलं की साधारण १.३ ग्रॅम पाण्याची वाफ होते. तीन मेणबत्त्या, चार तास, ७२ ग्रॅम मेण. म्हणजे ९० ग्रॅमच्या वर पाणी मी स्वतः गाडीच्या हवेत सोडलं, आणि दोघींच्या श्वासाची वाफ वेगळीच. ऊब म्हणाल तर एका मेणबत्तीची ७०-८० वॉट, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. पत्र्याच्या गाडीत ती कुठे जाते कळतही नाही.

आजपासून मेणबत्ती फक्त उजेडासाठी. ऊब हवी तर गोधडी आणि पायात लोकरी मोजे. ज्योत पेटती असेल तेव्हा एका बाजूची खिडकी दोन बोटं उघडी आणि छताचा झरोका उघडा. पावसासाठी खिडकीवर डोअर व्हायझर, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, आहेच, मी उगाच घाबरून बंद केली होती.

१४ जुलै, आंबोली

ही नोंद लिहायला दोन दिवस लागले. मनगटावर फोड आहे, आणि लाजही वाटत होती. पण हे वाचून एकानं जरी हा प्रयोग टाळला तरी लिहिणं सार्थकी लागेल.

छोट्या मेणबत्त्यांवर मातीची कुंडी उलटी ठेवली की खोली उबदार होते, असं बरेच जण सांगतात. ७०-८० वॉटचा हिशेब मी आठ दिवसांपूर्वीच मांडला होता. तरी रात्री आईला हुडहुडी भरलेली पाहून मोह झाला. स्टीलच्या ताटात सहा वाट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, विटांच्या दोन तुकड्यांवर कुंडी पालथी घातली. पाऊण तास सगळं ठीक. कुंडी तापली, आई तिच्याजवळ हात धरून बसली.

मग खालून उजेड वाढला. वाकून पाहिलं तर सहा वेगळ्या ज्योती राहिल्याच नव्हत्या, एकच मोठी ज्योत कुंडीच्या आत वर चढत होती. एकट्या वाटीतही मेण वितळतं, पण कडेनं उष्णता निघून जाते. कुंडीखाली ती कोंडली. सगळं मेण पातळ झालं, मग इतकं तापलं की त्याच्या वाफेनंच पेट घेतला. वातीची गरज उरली नाही.

आईनं तांब्या उचलला. मी ओरडले, "आई, पाणी नको!" उकळत्या मेणावर पाणी पडलं असतं तर त्याची क्षणात वाफ होऊन पेटतं मेण छतापर्यंत उडालं असतं. आई थांबली. तिचं तसं तिथल्या तिथे थांबणं हेच त्या रात्री आमच्या कामी आलं.

चिमट्यानं कुंडी बाजूला केली आणि कढईचं मोठं झाकण ताटावर ठेवलं. ज्योत गेली. इथे दुसरी चूक. अर्ध्या मिनिटात झाकण उचलून पाहिलं. मेण अजून तितकंच गरम, हवा मिळाली आणि भपकन पुन्हा पेटलं. मेणाचा थेंब मनगटावर उडाला आणि ज्योत पडद्याला लागली. पडदा पॉलिएस्टरचा. तो जळतानाच वितळत खाली गळतो. गळलेले थेंब आईच्या गादीवर पडले. झाकण परत टाकलं, पडदा ओढून दारातून बाहेर चिखलात फेकला, आईला पावसात उतरवलं. झाकणाला मग वीस मिनिटं हात लावला नाही. तेवढा वेळ मनगट पाण्याच्या कॅनच्या तोटीखाली धरून उभी राहिले.

नुकसान : गादीचा फोम आणि खोळ १,९०० रुपये, पडदे १,६००. धुरकट झालेलं छत पुसण्यात अख्खा दिवस गेला. आई एवढंच म्हणाली, "अगं, वाड्यात दिव्याला देवळी असायची. दिवा कधी कुठेही ठेवला नाही आम्ही."

२० जुलै, कोल्हापूर

परत आलोय. आईचं वाक्य डोक्यातून जात नाही. तिच्या माहेरच्या वाड्यात भिंतीतच दिव्याचा कोनाडा होता : दगडी, वर कमान काजळलेली, आजूबाजूला कापड नाही, पोरांचा हात पोचणार नाही इतका उंच. आम्ही महिनाभर ज्योत ओट्यावर, मग जमिनीवर अशी फिरवत होतो. आता गाडीत देवळी करायची आणि ज्योत तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही.

आधी सुरक्षेचं सामान : कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म २,१५० रुपये, गॅस गळतीचा अलार्म १,३००, एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक १,१००, आगीवर टाकायचं ब्लँकेट ६५०. एकूण ५,२००. गाडीत राहायला लागलो त्याच दिवशी हे घ्यायला हवं होतं.

दोन्ही अलार्म मी शेजारी शेजारी शेगडीच्या वर लावले होते. संध्याकाळी माहितीपत्रक नीट वाचलं आणि उतरवले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर वर. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच, तो सगळीकडे मिसळतो, म्हणून त्याचा अलार्म झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला. अग्निशामक आधी ओट्याखाली ठेवलं होतं. आग ओट्यापाशीच लागली तर तिथे हात कसा घालणार? आता दाराच्या चौकटीला, बाहेरूनही काढता येईल असं लावलंय.

याच वाचनात देवळीचा पहिला आराखडाही रद्द झाला. मी ती खाली, सिलिंडरच्या कप्प्याशेजारी काढली होती, कारण तिथे जागा रिकामी होती. गळका गॅस जिथे साचेल तिथेच उघडी ज्योत ठेवणार होते. नवी उंची ठरली जमिनीपासून ९५ सेंटिमीटर, दोन्ही बिछान्यांच्या पायथ्याशी. दार आणि बिछाना यांच्या मधे ज्योत येऊ द्यायची नाही, हेही त्याच कागदावर लिहून ठेवलं.

३ ऑगस्ट, उद्यमनगर (कोल्हापूर)

पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे एक मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याची पेटी करून घेतली : २५ सेंटिमीटर उंच, २० रुंद, १८ खोल, पुढून उघडी. "ताई, देवाला की भट्टीला?" त्यांनी विचारलं. सगळी हकिकत सांगितली तर कडा आत दुमडून दिल्या, हात कापू नये म्हणून. ८५० रुपये.

घरी येऊन पेटी थेट प्लायवर स्क्रूनं बसवली.

५ ऑगस्ट

तासभर चाचणी. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून वरचा पत्रा पाहिला तर ३६ अंश. फारच बरं वाटलं. मग बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चकचकीत स्टीलवर हे यंत्र चुकतं, पत्र्याची स्वतःची उष्णता न दाखवता समोरच्या खोलीचं प्रतिबिंब मोजतं. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजलं तर ९१ अंश. मागचा प्लायही चांगलाच तापलेला. प्लाय एका दिवसात पेटत नाही, पण रोज असा भाजत राहिला तर आतून कोरडा होत काळा पडतो आणि पुढे कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकतो.

पेटी काढली. ८५० रुपये आणि दोन दिवस गेले.

११ ऑगस्ट

दुसरी पेटी, त्याच कारागिराकडून, १,१०० रुपये. बदल असे : उंची ४० सेंटिमीटर. प्लायवर आधी सिमेंट फायबर बोर्डचा तुकडा (१२० रुपये). बोर्ड आणि पेटी यांच्यात २० मिलिमीटर मोकळी जागा, स्क्रूवर स्टीलच्या नळीचे तुकडे ओवून. ही पोकळी खाली आणि वर उघडी, म्हणजे हवा मागून वाहती राहते. माथ्याला पत्र्याचे दोन थर, मधे तेवढीच फट. देवळीच्या वरचं कपाट मी काढून टाकलं. आईच्या लोणच्याच्या बरण्या आता सीटखाली गेल्यात. तिला ते आवडलेलं नाही, पण ती काही बोलली नाही.

दोन तास जाळून टेपवर मोजलं : आतला माथा ५४ अंश, वरचा थर ३८, मागचा प्लाय खोलीच्या हवेइतकाच. बोर्डापेक्षाही त्या मोकळ्या फटीनं जास्त काम केलं.

१८ ते २५ ऑगस्ट, राधानगरी

मेणबत्ती उभी कशावर करायची यात आठवडा गेला.

ताटलीत चिकटवली की गाडी उतारावर उभी असताना ती एका अंगानं गळते आणि कलते. म्हणून स्टीलच्या खोलगट डब्यात वाळू भरून तिच्यात मेणबत्ती चार बोटं रोवली. पहिल्या रात्री डब्यात तडतड होऊ लागली. वाळू ओढ्यातली, आत ओल होती. दुसऱ्या दिवशी कढईत भाजून घेतली, तडतड बंद.

मेणबत्ती वाळूपर्यंत जळू द्यायची नाही. मेण मुरलेली वाळू स्वतःच वातीसारखी जळू लागते, त्या डब्याची चूल होते. वाळूच्या वर दोन बोटं मेण उरलं की विझवायची. उरलेले तुकडे वेगळ्या डब्यात जमा करते.

झरोक्याच्या वाऱ्यानं ज्योत हलायची आणि काजळी धरायची, म्हणून कंदिलाची काच आणली, १८० रुपये. ती वाळूवर टेकवून ठेवली तर ज्योत आणखीच लाल आणि धुरकट झाली, कारण खालून हवा शिरायला वाटच नव्हती. काचेखाली तीन नट ठेवून बोटभर उचलली, ज्योत शांत आणि पिवळी. तिसऱ्या दिवशी खिडकीतून आलेला पावसाचा थेंब तापलेल्या काचेवर पडला आणि ती तडकली. आणखी १८० रुपये. आता उघडायची खिडकी पलीकडच्या बाजूची.

वात अर्ध्या सेंटिमीटरहून लांब झाली की धूर येतो. पेटवण्याआधी कात्रीनं छाटते. फुंकून विझवत नाही, मेण उडतं. आईनं देवघरातली जुनी पितळी वाटी दिलीय, ती वातीवर पालथी धरली की झालं. काडेपेटीच्या जळक्या काड्या पाणी घातलेल्या डबीत.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर पूर्ण आठवडा शून्य. खिडकी दोन बोटं उघडी होती म्हणून शून्य, हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगते.

२ नोव्हेंबर, पाडवा, भुदरगड

दिवाळी पहिल्यांदाच गाडीत. आईला पणत्या हव्या होत्या. पणतीत तेल पातळ असतं, कुणाचा नुसता धक्का लागला तरी सांडतं, आणि सांडलेल्या तेलामागे ज्योत जाते. पणत्या बाहेर दगडावर लावल्या, पंधरा. आत देवळीत काय, यावर दोघींचं जमेना.

तोडगा आईनं काढला. तिनं फुलवाती तुपात बुडवून थंडीत घट्ट होऊ दिल्या, पेढ्यासारख्या. निरांजनात एक ठेवायची आणि लावायची. मी घड्याळ लावून पाच वेळा मोजलं : २२ ते २६ मिनिटांत तूप संपतं आणि ज्योत आपसूक मालवते. सांडायला फारसं काही नाही, आणि विझवायची राहून गेली तरी रात्रभर जळणार नाही. मी चार महिने पत्रे वाकवत होते ते ज्योतीला जागा मिळावी म्हणून. ज्योतीला वेळेचीही मर्यादा लागते हे मला सुचलंच नव्हतं. दिवेलागणीचा दिवा आता हाच. उजेडासाठी मेणबत्ती नंतर, तीही वीज खरोखर कमी असेल तरच.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट मात्र काळजाचा ठोका चुकवून गेली. आई निरांजन ठेवायला वाकली आणि पदराचं टोक पेटीच्या कडेवरून आत गेलं. साडी सिंथेटिक होती. मी पदर मागे ओढला. १८ सेंटिमीटर खोली पुरेशी आहे असं मी धरून चालले होते, पण ते हिशेब उभ्या माणसाचे, वाकणाऱ्या माणसाचे नाहीत.

९ नोव्हेंबर, कोल्हापूर

देवळीला स्टीलच्या जाळीचं दार बसवलं, २५० रुपये, बाहेरून कडी. दिवा लावताना आई पदर कमरेला खोचते, आणि सुती साडीच नेसते. ती म्हणाली, "चुलीशी बसताना आम्ही हेच करायचो, गाडीत विसरले."

२२ डिसेंबर, आंबोली

जुलैत जिथे आग लागली त्याच जागी मुद्दाम उभ्या राहिलो. सराव केला : मी "आग" म्हणायचं, आईनं दार उघडून खाली उतरायचं. पहिल्यांदा ३४ सेकंद लागली, कारण दाराशी चपला आणि पाण्याचा कॅन होता. ते हलवले. तिसऱ्यांदा १२ सेकंद. तिचा गुडघा दुखतो, म्हणून पायरीला हाताचा दांडा लावायचाय. ब्लँकेट पिशवीतून ओढून काढण्याचा सरावही दोघींनी केला. आईला पिशवीची पट्टी आधी दिसलीच नाही, म्हणून तिच्यावर लाल रिबन शिवली.

ठरलेले नियम पाळतो. ज्योत पेटती असेल तोवर दोघींपैकी एक बसलेली आणि जागी. कुणीही आडवं व्हायच्या आधी वाटी पालथी. गाडी सुरू करायच्या आधी देवळी रिकामी, आणि वाळूचा डबा सीटखाली अडकवलेला.

१४ एप्रिल २०२५, सोलापूर

दुपारी गाडी उन्हात तीन तास बंद होती. खण उघडला तर मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटलेल्या, आणि छोट्या वाट्यांमधलं मेण पातळ होऊन खणाच्या लाकडात मुरलेलं. मेण मुरलेलं लाकूड म्हणजे तयार काकडा. खण खरवडला, तळ काढून टाकला, नवा प्लाय घरी पडलेला होता तो घातला. मेणबत्त्या आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गाडीच्या तळाशी, सावलीच्या बाजूला. छोट्या वाट्या पुन्हा आणायच्या नाहीत.

२० एप्रिल, कोल्हापूर

आतापर्यंतचा खर्च. देवळी : दोन पेट्या १,९५०, बोर्ड १२०, काचा ३६०, जाळी २५०, एकूण २,६८० रुपये. सुरक्षेचं सामान ५,२००. नुकसान ३,९००. सगळे मिळून ११,७८०. पहिली पेटी, एक काच आणि नुकसान टाळता आलं असतं, म्हणजे ४,९३० रुपये. प्रत्यक्ष कामाचे दिवस अकरा, त्यातले पाच चुका निस्तरण्यात.

पावसाळ्याआधी उरलेलं : पायरीचा दांडा, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का ते पाहणं, दोन्ही अलार्मचे सेल बदलणं. जाळीच्या दाराची वरची बिजागरी सैल झालीय, ती घेऊन उद्या उद्यमनगरला जाते.